विम्याचा कायदा : भांडवल कोणाचे आणि संरक्षण कोणाचे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ‘सबका बीमा सबकी रक्षा’ या नावाचे विमा कायदे सुधारणा विधेयक मंजूर केले. त्यायोगे १९३८ चा विमा कायदा, १९५६ चा आयुर्विमा महामंडळ कायदा आणि १९९९ चा विमा नियामक व विकास प्राधिकरण कायदा अशा तीन कायद्यांत एकाच वेळी बदल करण्यात आले. वृत्तपत्रांनी ठळक मथळा दिला तो मात्र एकाच तरतुदीला. भारतीय विमा कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेण्यात आली, ही ती तरतूद होय. म्हणजे एखाद्या परदेशी कंपनीला आता भारतीय भागीदाराशिवायही येथे विम्याचा व्यवसाय करता येईल. यावर अपेक्षेप्रमाणे दोन्ही बाजूंनी बोलले गेले. एका पक्षाला ह्यात प्रगतीचे दार दिसले, तर दुसऱ्याला देशाची बचत परक्यांच्या हाती जाण्याचा धोका दिसला.

आपल्या धर्मग्रामांतून मात्र ह्या विषयाची फारशी चर्चा झालेली आढळत नाही. विमा हा व्यापाराचा व अर्थशास्त्राचा विषय आहे, आपल्या श्रद्धाजीवनाशी त्याचा संबंध तो काय, असे अनेकांना वाटत असावे. वास्तविक आपल्यातील बहुतेक घरांच्या कपाटात एखादी तरी पॉलिसी असते. ती बहुधा वडिलांच्या नावावर असते, तिचे हप्ते वर्षानुवर्षे भरले जातात आणि ती वाचली मात्र कोणीच जात नाही. कर्ता माणूस गेल्यावर किंवा रुग्णालयाचे बिल समोर आल्यावरच ती उघडली जाते. म्हणून भांडवल कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने त्याहून निकडीचा प्रश्न वेगळा आहे. दिलेले वचन कंपनीने पाळावे यासाठी देशाच्या कायद्याने कोणती व्यवस्था केली आहे आणि ती आपल्या लोकांना ठाऊक आहे का?

वचनाचा व्यापार

आपण तांदूळ विकत घेतो तेव्हा पैसे देताच माल हाती येतो. विम्यात आपण आज पैसे देतो आणि त्या बदल्यात फक्त एक वचन मिळते. त्या वचनाची कसोटी दहा, वीस, कधी तीस वर्षांनी लागते. ज्याने पैसे भरले तो त्या वेळी हयात असेलच असेही नाही. कंपनीकडे गणिती, डॉक्टर व वकील असतात. समोर मात्र दुःखात बुडालेली एखादी विधवा किंवा म्हातारे आईवडील असतात. इतक्या विषम व्यवहारात केवळ परस्परांच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही. विमा व्यवसायावर बहुतेक सर्व देशांत कडक कायदे आहेत त्याचे कारण हेच. विमा कंपनीकडे जमा झालेला पैसा तिच्या मालकाचा नसतो. तो अनेकांनी एकमेकांच्या संकटासाठी बाजूला काढलेला पैसा असतो. कंपनी ही त्याची विश्वस्त होय.

इतिहासाने दिलेले धडे

आपल्या देशातील विम्याच्या कायद्याचा इतिहास हा मुख्यतः विश्वासघातानंतर आलेल्या शहाणपणाचा इतिहास आहे. १८१८ साली कोलकात्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती प्रामुख्याने येथील युरोपीय लोकांसाठी. पुढे भारतीयांचा विमा उतरवला जाऊ लागला तेव्हा त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देऊन हा भेद मोडला. त्यानंतर कंपन्यांची संख्या वाढली, तसे गैरप्रकारही वाढले. १९३८ साली सर्व प्रकारच्या विम्याला लागू होणारा सर्वंकष कायदा झाला. अनेक दुरुस्त्या होऊनही आजच्या नियमनाचा पाया तोच आहे.

तरीही काही उद्योगपती विमा कंपनीला आपली खासगी तिजोरी समजत राहिले. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतील पैशाच्या गैरवापराचे प्रकरण उघडकीस आणले. पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ रोजी, तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-परदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करण्यात आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळाचे कामकाज सुरू झाले. महामंडळाच्या कायद्यातील ३७ वे कलम पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी देते. आपल्या वाडवडिलांचा महामंडळावर जो विश्वास बसला त्यामागे ह्या कलमाचा मोठा वाटा आहे.

पण मालकी सरकारची झाली म्हणजे विश्वस्तपण आपोआप येते असेही नाही. अवघ्या वर्षभरात त्याचा प्रत्यय आला. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर खरेदी केले. हा व्यवहार संशयास्पद ठरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. दालमिया प्रकरण खासगी कंपनीत घडले आणि मुंदडा प्रकरण सरकारी महामंडळात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. मालकापेक्षा मालकावरील देखरेख अधिक महत्त्वाची असते.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९७२ च्या कायद्यान्वये सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. उदारीकरणाच्या काळात, १९९३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खासगी कंपन्यांना प्रवेश द्यावा, मात्र त्याबरोबर स्वतंत्र नियामक संस्थाही असावी, असा तिचा कौल होता. त्यानुसार १९९९ चा कायदा होऊन विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय आज हैदराबाद येथे आहे. परकीय भांडवलाची मर्यादा प्रथम २६ टक्के होती. ती २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ आणि आता १०० टक्के झाली.

नव्या बदलाचे मोजमाप

ह्या बदलाच्या बाजूने दिली जाणारी कारणे क्षुल्लक नाहीत. प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात भरले गेलेले विम्याचे एकूण हप्ते देशाच्या सकल उत्पन्नाच्या ३.७ टक्के होते. जगाची सरासरी सुमारे ७ टक्के आहे. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबे एका मोठ्या आजारपणाने कर्जात ढकलली जातात, हे कोणत्याही धर्मगुरूला सांगावे लागत नाही. विमा व्यवसाय वाढवायचा तर भांडवल लागते आणि देशी उद्योगपती ते पुरेसे देत नसतील तर बाहेरून आणावे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे.

शिवाय भांडवल बाहेरचे आले तरी कायद्याची काही कुंपणे कायम आहेत. विमाधारकांचा निधी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे देशाबाहेर गुंतवण्यास १९३८ च्या कायद्यात मनाई आहे. आयुर्विमा कंपनीला युनिट लिंक्ड योजना वगळता आपल्या आयुर्विमा निधीतील निदान निम्मी रक्कम सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावी लागते. कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यांच्या तुलनेत कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाहून जास्त असावी लागते. हे प्रमाण किमान दीडपट राखावे, असा प्राधिकरणाचा दंडक आहे. ग्रामीण भागात आणि दुर्बल घटकांत ठरावीक प्रमाणात व्यवसाय करण्याचे बंधनही कायद्यात आहे. नव्या कायद्याने विमाधारकांच्या प्रबोधनासाठी व संरक्षणासाठी स्वतंत्र निधीची तरतूद केली असून, गैरमार्गाने मिळवलेला नफा कंपन्यांकडून वसूल करण्याचा अधिकारही प्राधिकरणाला दिला आहे.

मग चिंता कशाची करावी? नफ्यासाठी आलेले भांडवल, मग ते लंडनचे असो वा मुंबईचे, जिथे हप्ता मोठा तिथे जाते. उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारा नाखवा, वाडीत भाजी पिकवणारी बाई किंवा डहाणू-तलासरीकडचा आदिवासी मजूर यांच्याकडे ते आपण होऊन वळत नाही. त्यांच्यापर्यंत जो काही विमा पोहोचला आहे तो बहुतांशी सरकारी योजनांमधून. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा देणाऱ्या पंतप्रधान योजना त्यांपैकीच आहेत. दुसरी चिंता विक्रीच्या पद्धतीची आहे. मुदत ठेव ठेवण्यासाठी बँकेत गेलेला सेवानिवृत्त गृहस्थ वीस वर्षांची विमा पॉलिसी घेऊन बाहेर पडतो, ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. बँकांकडून होणाऱ्या अशा चुकीच्या विक्रीबद्दल केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही २०२४ मध्ये मुंबईत जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. परकीय भांडवलाने स्पर्धा वाढेल हे खरे. पण ती स्पर्धा चांगल्या सेवेची होते की अधिक विक्रीची, हे नियामकाच्या दक्षतेवर अवलंबून राहील. भांडवलाचे दार पूर्ण उघडल्यानंतर ह्या दक्षतेची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

जे हक्क आपल्याला ठाऊक असावेत

कायद्याने विमाधारकाला दिलेले काही हक्क प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला हक्क विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात आहे. आयुर्विम्याची पॉलिसी घेऊन तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती लपवल्याचा आरोप करता येतो. परंतु त्याची कारणे व आधार कंपनीला लेखी कळवावे लागतात. फसवणूक नसून केवळ माहिती चुकलेली असेल, तर दावा नाकारतानाही भरलेले हप्ते परत करावे लागतात. येथे एक सावधगिरी हवी. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली की ही तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. म्हणून हप्ता चुकू देऊ नये.

दुसरा हक्क आरोग्य विम्याचा. २०२४ पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यास, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. पॉलिसीतील मुख्य गोष्टी सांगणारे माहितीपत्रक मागणी केल्यास आपल्या भाषेत मिळू शकते. ते मराठीत मागावे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करही रद्द झाला आहे.

तिसरी गोष्ट मनाविरुद्ध गळ्यात पडलेल्या पॉलिसीची. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. दिवसांचा खर्च, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक शुल्क वजा जाता पैसे परत मिळतात. ह्या महिन्याभरात घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने ती एकदा वाचून काढली, तर अर्धे वाद टळतील.

चौथी बाब नॉमिनीची. ती आपल्या समाजात अनेक घरांत भांडणाचे कारण झाली आहे. नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असून पैशावर हक्क वारसांचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली स्पष्ट केले होते. २०१५ च्या दुरुस्तीने आयुर्विम्यात आईवडील, पती वा पत्नी आणि मुले हे नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचाही हक्क दिला. भाऊ, बहीण, पुतण्या यांना तो लागू नाही. ह्या दुरुस्तीचा अर्थ लावताना न्यायालयांत एकमत झालेले दिसत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने वाटणी होते : मुले असतील तर पती वा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना. म्हणून लग्नानंतर नॉमिनीचे नाव बदलावे आणि साधे का होईना, मृत्युपत्र करून ठेवावे. लग्नापूर्वी आईचे नाव घातले आणि पुढे बदलायचे राहून गेले, एवढ्या कारणावरून सासू-सुनेने न्यायालयाची पायरी चढावी, यासारखे दुर्दैव नाही.

ज्यांच्यावर कर्ज आहे अशा व्यावसायिकांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा ध्यानात ठेवावा. ह्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी विश्वस्त निधी समजली जाते आणि सावकाराला तिला सहसा हात लावता येत नाही. मात्र पॉलिसी घेतानाच तशी नोंद करावी लागते.

एवढे करूनही दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश देता येतो आणि तो आदेश कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. हे ठाऊक नसल्यामुळे किती तरी विधवांनी कंपनीचे नकाराचे पत्र नशिबाचा लेख मानून पेटीत ठेवले असेल.

सत्याची बाजू आपल्याकडूनही

कायदा दोन्ही पक्षांकडून सचोटीची अपेक्षा करतो. अर्जात मधुमेह वा रक्तदाब लपवणे, वय कमी सांगणे, ‘ते कोण बघतो’ असे म्हणून एजंटाने भरलेल्या कोऱ्या अर्जावर सही करणे, ह्या गोष्टी आपल्याकडेही सर्रास घडतात. पहिल्या हप्त्यात एजंटाने आपल्या कमिशनमधून सूट द्यावी असा आग्रहही धरला जातो. अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही कायद्याने निषिद्ध आहे. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. खोट्या दाव्याचे पैसे कंपनीच्या खिशातून जात नाहीत. ते पुढील वर्षी आपल्याच शेजाऱ्याच्या वाढीव हप्त्यातून वसूल होतात.

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. जेरुसलेमच्या आद्य ख्रिस्ती मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती दुर्लक्षिली नाही. त्यांनी त्यासाठी सात विश्वासू माणसे नेमली. दानधर्मालाही व्यवस्था लागते आणि व्यवस्थेवर लक्ष ठेवणारी माणसे लागतात, हे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकातील सहावा अध्याय आपल्याला शिकवतो. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात कामगारांच्या आजारपणात, अपघातात आणि मृत्यूनंतर त्यांच्या विधवा व अनाथांना आधार देणाऱ्या परस्पर साहाय्य संस्थांचा गौरव केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’मध्ये वार्धक्यासाठी व कामावरील अपघातांसाठी विमा हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदवला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना ह्याच परंपरेची आठवण करून दिली. मुंबईत आलेल्या गोवेकर खलाशांच्या कूडांनी परक्या शहरात एकमेकांना जो आधार दिला, तो ह्याच वृत्तीचा आविष्कार होता.

म्हणून आपल्या धर्मग्रामांनी ह्या बाबतीत काही ठोस करणे शक्य आहे. प्रत्येक धर्मग्रामात विमा, बँक वा न्यायालयीन क्षेत्रात काम केलेली सेवानिवृत्त मंडळी आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसून लोकांचे कागद पाहिले, नकाराची पत्रे वाचली आणि लोकपालाकडे अर्ज लिहून दिला, तर ती थोर सेवा ठरेल. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी आपण मदत करीत असलेल्या कुटुंबांची २० रुपयांच्या अपघात विम्यात नोंद झाली आहे का, हे पाहावे. पती-पत्नींनी एकमेकांना आपल्या पॉलिसींची माहिती द्यावी. दहा वर्षे कोणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही पंचवीस वर्षे ती मागता येते, पण जिला पॉलिसी होती हेच ठाऊक नाही ती पत्नी मागणार कशी?

संसदेने आपले काम केले आहे; ते कितपत योग्य झाले हे येणारी वर्षे ठरवतील. कंपनीचा मालक कोण असावा हे ठरवणे आपल्या हाती नाही. परंतु कायद्याने विधवेच्या पदरात टाकलेला हक्क तिच्या हाती पडेल असे पाहणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी घरातील ती जुनी पॉलिसी कपाटातून काढावी, सर्वांनी मिळून वाचावी आणि नॉमिनीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहावे.